वहिनीच्या लेन्स

आमच्या दुकानात एक नियम आहे. स्वतःच्या हाताने तीनदा घालून, तीनदा काढून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला लेन्स घरी न्यायला मिळत नाही. मग तो कोणी का असेना. कोणी म्हणतं, बाहेर गाडी थांबली आहे. दादा म्हणतो, "थांबू दे. गाडी काही रुसून बसत नाही." कोणी चिडतं, कोणी रडकुंडीला येतं. एक पोलीस अधिकारी तर घामाने निथळला होता. दादाने त्याला टॉवेल दिला, पंखा लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुकान त्याचं. पुढच्या भागात भिंतीभर चष्म्यांच्या फ्रेमा, काउंटर आणि मी. मागे पडद्याआड एक खोली, तिथे तो. खोलीत टेबलावर आडवा ठेवलेला आरसा, पांढरा नॅपकिन, बिनवासाचा साबण आणि कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. बेसिनचं बूच कायम लावलेलं, कारण पाइपात वाहून गेलेली लेन्स परत आल्याचं कोणी ऐकलेलं नाही. एरवी माझ्यावर खेकसणारा हा माणूस त्या खोलीत शिरला की त्याचा आवाज बदलतो. "हात धुवा. कोपरापर्यंत नको, आपल्याला ऑपरेशन नाही करायचं. मान खाली. आरशात बघा, बोटाकडे बघू नका. बोटाकडे बघितलं की डोळा घाबरतो. लाल झाला? पहिल्या दिवशी होतोच. बसा जरा, पाणी प्या, पुन्हा करू." हे मी पडद्याअलीकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

एका बँकेतल्या कॅशियरने घरी जाऊन दोन्ही लेन्स एकाच डोळ्यात घातल्या आणि दुसऱ्या दिवशी भांडायला आला, की एक डोळा बरा केलात आणि दुसरा बिघडवलात. दिवसभर नोटा मोजणारा माणूस, आणि दोनपर्यंत मोजता आलं नाही. मी काउंटरखाली वाकून हसून घेतलं. दादा मात्र हसला नाही. त्याने कॅशियरला परत स्टुलावर बसवलं आणि पुन्हा सगळं शिकवलं.

असा हा दादा. आणि अख्ख्या शहराला शिकवणाऱ्या या माणसाच्या बायकोला लेन्स घालता येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरात असा होता.

वहिनीचा डोळ्यांचा त्रास साधा नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा गोल असायला हवा, तिचा पुढे टोकदार होत गेलेला. अशा डोळ्याला चष्मा पुरत नाही. कितीही जाड काच लावा, एका दिव्याचे पाच दिवे दिसतात आणि समोरचं माणूस ओलं झाल्यासारखं पसरतं. त्यावर एकच उपाय, कडक लेन्स. करंगळीच्या नखापेक्षा लहान, पण डोळ्यात नीट बसली की सगळं जागच्या जागी येतं. काढली की पुन्हा धुकं.

ती दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा विशीतली होती, सोबत तिची आई. वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवायचं काम करायची. सुईत दोरा एका झटक्यात ओवणारी तिची बोटं, पण तीच बोटं डोळ्याजवळ आली की पापण्या घट्ट मिटायच्या. तीन दिवस दादाने शिकवलं. तीन दिवस तिची आई बाहेर माझ्याजवळ बसून म्हणत होती, "लहानपणी औषधाचे थेंब घालायलासुद्धा चार माणसं लागायची हिला." चौथ्या दिवशी दादा पडद्याबाहेर आला आणि आईला म्हणाला, "राहू द्या. कामावर जाताना रोज इथे येऊ दे. मी घालून देईन. संध्याकाळी परत आली की काढून देईन."

माझ्या हातातली फ्रेम पडायची राहिली. कोणालाही न मिळालेली सवलत, आणि ही मुलगी तीन दिवसांत घेऊन गेली! वर्षभर ती सकाळ-संध्याकाळ येत राहिली. पुढे तिचे हेलपाटे वाचावेत म्हणून दोघांनी लग्न केलं, असं मी सगळ्यांना सांगायचे.

मी काही लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे त्यांच्या संसाराला पहिल्या दिवसापासून साक्षीदार मी. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक खुर्ची ओढली जायची. वहिनी बसायची. दादा हात धुवायचा, पुसायचा, तिची हनुवटी वर करायचा. "वर बघ. आता समोर." दोन्ही डोळे झाले की विचारायचा, "दिसलो का?" आणि ती म्हणायची, "दिसलात. दाढी करायची राहिली आहे." रोजची पहिली स्पष्ट गोष्ट म्हणजे त्याचा चेहरा. संध्याकाळी तीच खुर्ची, आणि मग रबराची छोटी दांडी. तिच्या टोकाला इवलीशी वाटी असते, ती लेन्सवर अलगद टेकवली की लेन्स चिकटते आणि बाहेर येते. दादा तिला नुसतंच 'रबरी' म्हणायचा.

ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना हौसेने सांगायचे. मुली उसासे टाकायच्या. एकजण तर आपल्या होणाऱ्या नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणाली, "शीक काहीतरी." मला तेव्हा भारी वाटायचं. आता ते आठवलं की तोंड कडू होतं.

कारण या कौतुकाची किंमत वहिनी भरत होती आणि आम्हाला कोणालाच ते दिसत नव्हतं. इतक्या वर्षांत ती एक रात्रही दादाशिवाय कुठे राहिली नाही. राहणार कशी? सकाळी लेन्स कोण घालणार? वाचनालयाने तिला जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीचं शिक्षण घ्यायला दोन महिन्यांसाठी पाठवायचं ठरवलं होतं. गेली नाही. मैत्रिणी सहलीला निघाल्या. गेली नाही. "ह्यांना दुकान सोडवत नाही आणि मला हे सोडवत नाहीत," असं म्हणून हसायची. आम्हीही हसायचो.

मग तिची आई अंथरुणाला खिळली. आईचं घर दिवसभराच्या प्रवासावर. दीड महिना ती माउली झिजत होती आणि वहिनीची थोरली बहीण, ताई, एकटी सगळं करत होती. दादा-वहिनी गेले आणि दोनच दिवसांत परतले. दुकान बंद ठेवता येत नव्हतं. वहिनी त्याच्याबरोबर आली, कारण मागे राहून करणार काय? घरात धडपडणारी अजून एक बाई ताईच्या गळ्यात बांधायची? पुढच्याच आठवड्यात बातमी आली. पुन्हा तिकडे जाताना गाडीत वहिनीने लेन्स घातलीच नव्हती. रडताना ती टिकत नाही. आईला तिने शेवटचं पाहिलं ते तसंच, धुक्यातून.

त्यानंतर एका संध्याकाळी तिने दादाला विचारलं, "मला शिकवता का?"

"कशाला उगाच?" दादा म्हणाला. "मी आहे ना."

तिने आणखी दोन-तीनदा विषय काढला. एकदा तो खरंच शिकवायला बसला. दोन मिनिटांत तिचा डोळा लाल झाला आणि दादा म्हणाला, "बघ, झाला ना लाल? दे इकडे." गिऱ्हाइकाचा डोळा लाल झाला तर पाणी देणारा, तास-तास थांबणारा हाच माणूस. मी ओट्याशी उभी होते. मला वाटलं, किती हळवा आहे माझा भाऊ.

वर्षं गेली. दादाची पन्नाशी उलटली, आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी मी लक्ष दिलं नाही. मग तो चष्म्याच्या काडीचे बारीक स्क्रू माझ्याकडे सरकवायला लागला. "चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे, तूच बसव गं." चष्मा त्याच्या नाकावर असायचा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला. मी विचारलं तर खेकसला, "थंडीने होतं." बाहेर लोक घामाने चिंब झाले होते. वहिनीला कळलं होतं का? तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तो हात रोज यायचा. कळलं असणारच. दोघांनी डोळेझाक केली म्हणायची, दुसरं काय.

अशात ताईचा फोन आला. तिच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. "महिनाभर कोणीतरी लागेल," ती म्हणाली. "तू ये. एकटी ये. तुझ्या नवऱ्याला दुकान सोडवणार नाही, हे मला ठाऊक आहे."

त्या दिवशी जेवताना वहिनी म्हणाली, "मला ताईकडे जायचंय. महिनाभर. त्याआधी मला शिकवा. गिऱ्हाइकांना शिकवता तसं."

"मी येतो ना सोबत," दादा म्हणाला. "दुकान ही बघेल." ही म्हणजे मी.

"महिनाभर?"

"जाऊन-येऊन करीन. तू कशाला काळजी करतेस? मी आहे ना."

वहिनीने हातातला घास ताटात ठेवला. "तुम्ही आहात हो," ती म्हणाली. "पण मला जायचंय."

तिला इतक्या शांतपणे हट्ट करताना मी पहिल्यांदा पाहिलं. दादाही चपापला. "बरं," तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी दुकानात बसू." सुट्टीचा दिवस आला, तर त्याला एकाएकी दुकानाच्या शटरला तेल घालायचं सुचलं. पुढच्या सुट्टीला त्याचं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, "दादा, मी शिकवते तिला." तर म्हणाला, "तू फ्रेमा पूस." ताईच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली. वहिनीने पिशवी काढून ठेवली, तिच्यात साड्या रचल्या, आणि रोज ती खुर्चीत बसून हनुवटी वर करत राहिली.

त्या संध्याकाळी वारा सुटला होता. वहिनी घरी आली ती डोळा चोळतच. बाहेर धूळ होती. दादा हात धुऊन आला. एरवी तो आधी छोट्या टॉर्चने बघतो, लेन्स बुबुळावर मधोमध आहे का. कधीकधी ती सरकून कोपऱ्यात जाते, तेव्हा आधी तिला बोटाने जागेवर आणायची आणि मगच रबरी लावायची. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दहा वेळा बजावतो. पण त्या दिवशी उजवा हात जास्तच थरथरत होता. डाव्या हाताने त्याने स्वतःचं उजवं मनगट घट्ट धरलं. टॉर्च धरायला हात उरला नाही. आणि मी चार पावलांवर कपडे घड्या घालत होते. मला हाक मारली असती तर? एक हाक. "जरा टॉर्च धर गं." त्याने मारली नाही, कारण मग हाताचं बोलावं लागलं असतं.

त्याने रबरी टेकवली आणि ओढली. वहिनी किंचाळली.

लेन्स तिथे नव्हती. ती सरकून नाकाकडच्या कोपऱ्यात गेली होती. वाटी थेट उघड्या बुबुळावर चिकटली होती, आणि दादाने ओढली होती. थरथरत्या हाताने, तिरकी.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई आमच्या ओळखीच्या. कडक लेन्स लागणारी माणसं त्याच दादाकडे शिकायला पाठवतात. त्यांनी वहिनीला यंत्रासमोर बसवलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "लेन्स कोण काढतं तुमच्या?"

"हे काढतात," वहिनी म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मला येत नाही."

डॉक्टरबाई दादाकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "मी तुमच्याकडे माणसं शिकायला पाठवते," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर त्याच्या हातावर गेली. "हे कधीपासून आहे?"

दादा म्हणाला, "वर्ष झालं असेल." मी आणि वहिनी दोघी तिथे होतो. त्याने ते पहिल्यांदा तोंडाने कबूल केलं, ते घराबाहेरच्या बाईपाशी.

जखम भरली, पण डाग राहिला. बुबुळाच्या नेमक्या मध्यावर, पांढरट. तोच तिचा चांगला डोळा होता. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, त्या डोळ्याने आता उजेड दिसेल, रंग दिसतील, माणूस आला-गेला कळेल, अक्षर दिसणार नाही. डाव्या डोळ्याला काही झालेलं नाही, पण दोन्ही डोळ्यांना महिनाभर लेन्सची सुट्टी. दादासाठी त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. ती घेतानाही त्याचा हात थरथरत होता, आणि या वेळी त्याने तो लपवला नाही.

तो महिना कोणाच्या वाट्याला येऊ नये. वहिनी भिंतीला हात लावत घरात फिरायची. दुधाचं पातेलं हाताने चाचपायची. डोळ्यात थेंब मी घालायचे. दादा दारात उभा राहायचा आणि आत यायचा नाही. खिडकीखालची खुर्ची त्याने उचलून कोपऱ्यात ठेवली होती. ताईचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. शेजारच्या एका बाईने तिचं सगळं केलं. ताई फोनवर म्हणाली, "हरकत नाही गं, तू स्वतःला जप." वहिनीने फोन चाचपून जागेवर ठेवला. "आईच्या वेळीही ती हेच म्हणाली होती," ती म्हणाली. "हरकत नाही."

महिना संपला. डॉक्टरबाईंनी डाव्या डोळ्यात लेन्स घालायला परवानगी दिली. मी म्हटलं, "वहिनी, उद्यापासून मी घालत जाईन तुला."

"तू घालू नकोस," ती म्हणाली. "शिकव."

सुट्टीच्या दिवशी जेवणं उरकून आम्ही दुकानात गेलो. मी शटर अर्धं वर केलं, तिचा हात धरून आत नेलं आणि त्या मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं. जिथे ती पंचवीसेक वर्षांपूर्वी तीन दिवस बसली होती, तिथेच. बेसिनचं बूच लावलं. आणि मग माझ्या तोंडून दादाचीच वाक्यं यायला लागली. हात धुव. कोपरापर्यंत नको, ऑपरेशन नाही करायचं. मान खाली. आरशात बघ, बोटाकडे बघू नकोस.

पहिल्यांदा पापणी मिटली. दुसऱ्यांदाही. लेन्स नॅपकिनवर पडली, मी शोधून दिली. डोळा लाल झाला. "पहिल्या दिवशी होतोच," मी म्हटलं आणि तिला पाणी दिलं. तिने हाताने अंदाज घेत पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "पुस्तक शिवताना सुई आपल्याकडे येते तेव्हाही आपण तिच्याकडे बघत नाही. भोकाकडे बघतो." मग मान खाली घालून तिने डाव्या हाताने वरची पापणी धरली, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालची, आणि लेन्स डोळ्यावर ठेवली. ठेवली आणि ती बसली. वहिनी हललीच नाही. आरशात स्वतःचा चेहरा बघत राहिली. सकाळी पहिल्यांदा दुसऱ्याचाच चेहरा बघणारी बाई, तिला तिचाच चेहरा समोर आला होता, उजव्या डोळ्यातल्या पांढऱ्या ठिपक्यासकट.

काढायला तिला रबरी नको होती. रबरीशिवायही काढता येते. डोळा मोठा करायचा, बाहेरचा कोपरा बोटाने कानाकडे ताणायचा आणि पापणी मिटायची. लेन्स टपकन तळहातावर पडते. चौथ्या खेपेला पडली. मग तीनदा घातली, तीनदा काढली. नियमाप्रमाणे. आणि घरी जायला पुन्हा एकदा घातली. बाहेर अजून ऊन होतं.

पडदा सरकला. दादा होता. तो कधी आला आणि किती वेळ बाहेर बसला होता, कोण जाणे. वहिनीने मागे वळून पाहिलं नाही.

"इतकंच होतं?" ती म्हणाली.

मला वाटलं ती मला विचारते आहे. मी काहीतरी बोलणार होते, पण ती आरशातूनच दादाकडे बघत होती.

"आई दीड महिना अंथरुणावर होती," ती म्हणाली. "आणि हे एका दुपारचं काम होतं."

दादा म्हणाला, "तुझा डोळा लाल व्हायचा."

"सगळ्यांचा होतो. तुम्हीच सांगता."

त्याने पडदा मुठीत धरला होता. पडद्याच्या कड्या किणकिणत होत्या. "मला वाटायचं," तो म्हणाला, आणि थांबला. मी बाहेर जायला निघाले तर वाटेत तोच उभा. "मला वाटायचं, तू शिकलीस की रोज सकाळी माझ्यासमोर येऊन कशाला बसशील?"

मला त्याचा इतका राग आला की त्या पडद्यासकट त्याला ओढून रस्त्यावर काढावंसं वाटलं. केस पांढरे झालेला माणूस, आणि एवढी साधी गोष्ट याला कोणाला विचारता आली नाही? पण माझा भाऊच तो.

"बसले असते हो," वहिनी म्हणाली. "स्वतःच्या हाताने लेन्स घालून, चहा घेऊन, तुमच्यासमोरच येऊन बसले असते." ती रडत नव्हती. लेन्स डोळ्यात होती, कदाचित म्हणूनही. "खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. कोणीतरी रोज आपल्यासाठी हात धुतंय, हे कोणाला आवडणार नाही? पण आता मी आईला कुठे शोधू?"

दादा खोलीत आला आणि आरशासमोरचा ओला नॅपकिन उचलून त्याने दोरीवर टाकला. त्याला तेवढंच करण्यासारखं सापडलं.

आठवडाभराने वहिनी ताईकडे निघाली. ताई आता काठी घेऊन चालू लागली होती, गरज अशी उरली नव्हती. "तरी जाते," वहिनी म्हणाली. "आधी जायला हवं होतं, ते राहिलं. आता नुसती जाऊन बसते तिच्याजवळ." परत कधी येणार ते तिने सांगितलं नाही आणि दादाने विचारलं नाही. सकाळी ती न्हाणीघराच्या आरशासमोर आपली आपण लेन्स घालून आली. दादा तिला गाडीपर्यंत सोडायला जाणार होता. तो शर्ट घालून खोलीबाहेर आला, पण बटणं लागत नव्हती. औषधं सुरू होती तरी सकाळी हात जास्त थरथरायचा. बटण काजाला टेकायचं आणि निसटायचं. घड्याळ पुढे सरकत होतं.

वहिनी पिशवी खांद्यावर घेऊन दाराशी उभी होती. ती परत फिरली, त्याच्याजवळ आली आणि तिचे हात सवयीने वर गेले. "राहू द्या," ती म्हणाली, "मी आहे ना."

म्हटलं आणि तिचे हात हवेतच थांबले. दादाने मान वर केली. मी चपला घालता घालता वाकलेली तशीच राहिले.

वहिनीने हात मागे घेतले. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. कोपऱ्यात गेली, तिथली ती खुर्ची ओढत खिडकीखाली आणली आणि तिच्यात बसली, दादाच्या समोर.

"लावा तुम्ही," ती म्हणाली. "मी थांबते."

"गाडी जाईल तुझी," दादा म्हणाला.

"जाऊ दे. बोटाकडे बघू नका. समोर बघा."

त्याने समोर बघितलं. पहिलं बटण बऱ्याच वेळाने लागलं. दुसरं लागलं आणि सुटलं. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, तर वहिनीने माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी मिटलं. बाहेर सकाळच्या गाडीचा भोंगा वाजला आणि लांब गेला. दादाच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं आणि ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते. वहिनी एका डोळ्याने त्याला बघत बसून राहिली. पुढची गाडी दुपारची होती.